विंडोज एका ड्राइव्हवर, लिनक्स दुसऱ्यावर, आन् लग्नाचं फुटेज रेडवर: आमच्या लातूरच्या स्टुडिओतली जोडणी

लग्नसराई संपली की आमच्या स्टुडिओत दोन कामं ठरलेली असतात, एक म्हणजे उधारी वसूल करणं आन् दुसरं म्हणजे तीन महिन्यात साठलेलं फुटेज कुठं तरी नीट लावून ठेवणं. पहिलं काम कसं करायचं ते मला अजून जमलेलं नाही, त्यामुळं दुसऱ्यावर लिहितो.

मशीन एकच आहे. मला एडिटिंगला विंडोज लागतंय, भाचा इंजिनिअरिंगला आहे त्याला उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, लागतंय, आन् गिऱ्हाईक असं की लग्नाला दोन वर्षं झाल्यावर येऊन म्हणतंय "दादा ती पेनड्राइव्ह कुठं गेली की सापडंना, परत एकदा द्या की". द्यावंच लागतंय, गावातला धंदा आहे. म्हणून एकाच कॅबिनेटमध्ये दोन ओएस (मशीन चालवणाऱ्या मूळ सिस्टीम) आन् जुनं फुटेज ठेवायला रेड अशी जोडणी केली. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा नीट झाली, ती दुसरी इथं सांगतोय. आन् रेड म्हणजे लाल रंग नव्हे बरं का, दोन किंवा जास्त हार्डडिस्क एकत्र बांधून एक करायची पद्धत. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आन् कॅट्झ या तिघांनी हे नाव रूढ केलं, त्यातल्या आय चा अर्थ तेव्हा इनएक्स्पेन्सिव्ह म्हणजे स्वस्त असा होता, महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्तातल्या चार. आपल्यासाठीच काढलंय म्हणा ना.

आधी आमच्या मशीनमध्ये काय काय आहे ते. मदरबोर्डवर ५०० जीबीची एनव्हीएमई (बोर्डवरच बसणारी वेगवान चिपची डिस्क), ती विंडोजची. २५० जीबीची साटा एसएसडी (केबलनं जोडायची चिपची डिस्क), ती उबंटूची. १ टीबीची आणखी एक साटा एसएसडी, ती सामायिक, चालू लग्नांचं फुटेज तिच्यावर. आन् ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क, त्या रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हीवर तेच ते लिहिलं जातंय, एक मेली तरी दुसरीवर सगळं आहे. दोन मिळून ८ टीबी होत नाही, ४ च राहतंय, आन् ते पण कॉम्प्युटर ३.६ दाखवतंय, दुकानदारानं फसवलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

डिस्क घ्यायच्या आधी मदरबोर्डचं पुस्तक वाचा. खरंच वाचा. बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (एनव्हीएमई बसते ती खाच) काही बसवलं की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद पडतात, आन् माणूस केबल बदलून बदलून थकतो आन् शेवटी डिस्कच खराब आहे म्हणून दुकानात घेऊन जातो. मी गेलोय. हार्डडिस्क घेताना सीएमआर आहे का एसएमआर (डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती) ते विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर बघा. एसएमआर स्वस्त असतंय पण रेडमध्ये एक डिस्क बदलून दुसरी भरायची वेळ आली की ते इतकं हळू लिहितंय की जीव जातो. आन् दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या घेऊ नका, जुळी भावंडं एकाच दिवशी आजारी पडतात तसं होऊ शकतंय.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आन् इथंच मी पहिल्यांदा आपटलो. रेड कोणाची, विंडोजची का लिनक्सची, हे कागदावर आधी ठरवा. लोकांना वाटतंय रेड केली की दोन्हीकडून दिसंल. नाही दिसत. विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये बनवली तर लिनक्सला त्यातलं काही वाचता येत नाही, लिनक्सच्या एमडीएडीएम या कमांडनं बनवली तर विंडोजला त्या डिस्क म्हणजे कोऱ्या वाटतात. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पण रेडचा पर्याय असतंय, मी पहिल्यांदा तोच धरला होता, इंटेलवाल्या बोर्डावर तसं केलं तर दोन्ही ओएसला दिसू शकतंय, लिनक्सचं एमडीएडीएम इंटेलची ती पद्धत ओळखतंय. पण एका वादळात लाईटचा झटका बसून बोर्डच गेला, आन् नवीन घेतलेला बोर्ड वेगळ्या जातीचा, त्याला जुनी रेड ओळखता येईना. डिस्क दोन्ही ठणठणीत आन् फुटेज अडकलेलं. चार दिवस झोप नाही. एमडीएडीएमचं तसं नाही, सगळी माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, त्या दोन डिस्क उचलून कुठल्याबी मशीनला लावा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, रेड उभी राहते.

म्हणून आमची रेड लिनक्सची. विंडोजला ती दिसत नाही हे मला आधी तोटा वाटायचा, आता तोच फायदा वाटतोय, कारण स्टुडिओत दिवसाला दहा पेनड्राइव्ह येतात आन् त्यातल्या निम्म्यांत शॉर्टकट व्हायरस असतोच, उद्या त्यातून फायली लॉक करून पैसे मागणारा एखादा आला तर तो विंडोज खाईल, सामायिक ड्राइव्ह खाईल, पण जुन्या लग्नांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. तुमचं सगळं काम विंडोजवरच असेल आन् लिनक्स नुसतं शिकायला असेल तर मात्र रेड विंडोजलाच द्या, उगं माझं बघून करू नका.

आता इन्स्टॉल.

दोन भावांची वाटणी करताना जाणती माणसं एक गोष्ट आधी बघतात, येण्याजाण्याची वाट. रान वेगळं झालं पण धाकट्याची वाट थोरल्याच्या बांधावरून राहिली की आज ना उद्या भांडण होणारच. ड्युअल बूटचं, म्हणजे एका मशीनवर दोन ओएसचं, अगदी तसंच आहे. ड्राइव्ह वेगळे घेतले म्हणजे झालं असं वाटतंय, पण चालू व्हायची वाट म्हणजे ते ईएफआयचं छोटं पार्टिशन, ते जर एकाच ड्राइव्हवर राहिलं तर वाटणी झालीच नाही. सगळे ड्राइव्ह लावून ठेवून विंडोज टाकलं आन् दुसऱ्या ड्राइव्हवर आधीपासून ईएफआय पार्टिशन असेल तर विंडोज आपली बूट फाइल तिकडंच नेऊन ठेवू शकतंय. लिनक्सचे काही इन्स्टॉलर पण तेच करतात, तुम्ही खाली दुसरा ड्राइव्ह निवडला तरी. माझं पहिल्या वेळी असं झालं की उबंटू स्वतःच्या एसएसडीवर, पण त्याची वाट विंडोजच्या ड्राइव्हवरून. विंडोजचा ड्राइव्ह फॉरमॅट केला त्या दिवशी उबंटू पण गेलं, म्हणजे होतं जागेवरच, पण आत जायला रस्ता नाही.

उपाय एकदम गावठी आहे, केबल काढा. विंडोज टाकताना बाकी सगळ्या साटा ड्राइव्हच्या केबल काढून ठेवा, नुसती एनव्हीएमई ठेवा. विंडोज झालं, एकदा दोनदा रिस्टार्ट केलं, अपडेट झालं, की मशीन बंद करून एनव्हीएमई काढा, ती काढणं अवघड असेल, वर ग्राफिक्स कार्ड आलं असेल, तर निदान बायोसमध्ये तो स्लॉट बंद करता येतोय का बघा. मग नुसती उबंटूची एसएसडी लावून उबंटू टाका. एकट्या घरात माणूस दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी टाकू शकत नाही. दोन्ही झाल्यावर सगळं लावा.

इन्स्टॉलची पेनड्राइव्ह रुफस किंवा व्हेंटॉय या सॉफ्टवेअरनं बनवा, बायोसमध्ये यूईएफआय म्हणजे नवी पद्धत चालू, सीएसएम म्हणजे जुनी लेगसी पद्धत बंद, आन् साटाचा मोड एएचसीआय (साधा, रेड नसलेला) ठेवा. हा मोड विंडोज टाकायच्या आधीच ठरवा. नंतर एएचसीआयचं रेड किंवा रेडचं एएचसीआय केलं की विंडोज चालू होतानाच निळा स्क्रीन येतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतंय, जुन्या मशीनला नसंल तर अडचण आहे, कारण विंडोज १० चे मोफत नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले.

रोज ओएस निवडायला ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या चालू होतानाच्या, मेनूत विंडोज यावं म्हणून लोक झटापट करतात. मी करत नाही. मशीन चालू होताना बूट मेनूचं बटण दाबायचं, असूसच्या बोर्डवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आन् एएसरॉकवर एफ११, आन् यादीतनं हवा तो ड्राइव्ह निवडायचा. बायोसमध्ये पहिला नंबर विंडोजला दिलाय, कारण सकाळी स्टुडिओ उघडणारा पोरगा काही दाबत बसत नाही. भाच्याला उबंटू पाहिजे तर तो दाबतो, तरुण आहे.

एवढं करून सुद्धा वाटणी शंभर टक्के होत नाही हे पण सांगतो, कारण बायोसची मेमरी दोघांची एकच असते, घराच्या समाईक भिंतीसारखी. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनं सिक्युअर बूट (खात्रीचं नसलेलं काही चालू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या बऱ्याच ड्युअल बूट मशीनवर लिनक्स चालू व्हायचं बंद झालं होतं. तसं काही झालं तर घाबरून फॉरमॅट मारू नका, बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स उघडा, अपडेट करा, मग परत चालू करा. फक्त त्याच्या आधी विंडोजमध्ये बिटलॉकरची (ड्राइव्हला लागणाऱ्या कुलपाची) किल्ली कुठंय ते बघून ठेवा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ड्राइव्ह गुपचूप एन्क्रिप्ट होतंय, आन् बायोसमध्ये असलं काही बदललं की ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. मी ती वहीत लिहून ठेवलीय, उधारीच्या वहीत, कारण ती वही कधी हरवत नाही.

दोन किरकोळ दिसणाऱ्या पण डोकं खाणाऱ्या गोष्टी. पहिली, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतंय, आन् मग लिनक्समधून सामायिक ड्राइव्ह उघडला की नुसतं वाचता येतंय, लिहिता येत नाही, जबरदस्ती केली तर फायली बिघडतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटनाच्या सेटिंगमध्ये ती खूण असते, ती काढायची. दुसरी गोष्ट घड्याळाची. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात ग्रीनविचची वेळ ठेवतंय, विंडोज त्यालाच आपली वेळ समजतंय, आन् आपला फरक साडेपाच तासांचा, म्हणून भाच्यानं उबंटू वापरून झालं की सकाळी दहा वाजता माझं विंडोज साडेचार दाखवायचं. आठवडाभर मी बोर्डाचा सेल बदलत बसलो होतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, मग सेट-लोकल-आरटीसी आन् पुढं १, एवढं मारलं की प्रश्न संपला.

सामायिक ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएसच ठेवा. एक्सफॅट दोन्हीकडं चालतंय, पण मध्येच लाईट गेली तर सावरायला त्याच्यात जर्नल (बदलांची आधी ठेवलेली नोंद) नाही, आन् आपल्याकडं लाईट मध्येच जाते. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) २०२१ पासून, ५.१५ या आवृत्तीपासून, एनटीएफएसचा चांगला ड्रायव्हर आहे.

आता रेड. हे सावकाश करा, रात्री जेवून बसा, अर्धवट झोपेत करू नका, कारण चुकीच्या डिस्कचं नाव टाकलं तर विचारायला कोणी येत नाही. लिनक्स डिस्कला देतंय ती एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात, केबल इकडची तिकडं झाली की बदलतात. म्हणून मी दोन्ही हार्डडिस्कच्या बाजूला चिकटपट्टी लावून सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहिलेत, आन् टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारताना साइझ, मॉडेल, सिरियल हे कॉलम मागवतो, ते चार आकडे जुळले तरच पुढं.

जीपार्टेड उघडून दोन्ही हार्डडिस्कवर जीपीटी टेबल (पार्टिशनची यादी) बनवा आन् एकच मोठं पार्टिशन करा, पण शेवटी १०० एमबी मोकळे सोडा, कारण उद्या दुसऱ्या कंपनीची ४ टीबी डिस्क आणली तर ती इंचभर लहान भरू शकते आन् इंचभर लहान असली तरी रेड तिला घेत नाही. पार्टिशनला रेडचा फ्लॅग लावा. बरेच जण पार्टिशन न करता आख्खी डिस्कच रेडला देतात, आमच्यासारख्या ड्युअल बूटवाल्यांनी ते करू नये, विंडोजला ती डिस्क कोरी दिसते आन् डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ते लगेच विचारतंय, इनिशियलाइज करू का, आन् घाईतला माणूस ओके दाबतो. पार्टिशन असलं की निदान ते विचारत नाही. त्यावर अजून एक कडी म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या दोन्ही डिस्कवर राइट क्लिक करून ऑफलाइन करून टाका.

मग एमडीएडीएमची कमांड, तिला क्रिएट सांगायचं, नाव एमडी-झिरो, लेव्हल १, डिव्हाइस २, आन् शेवटी त्या दोन पार्टिशनची नावं. ते मारलं की मागं कॉपी सुरू होते, प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल उघडली की किती टक्के झालं ते दिसतंय. सेकंदाला १५० एमबी धरलं तर ४ टीबीला साडेसात तास लागतात. तेवढ्यात रेड वापरता येते, पण मी तर झोपायला गेलो.

सकाळी उठून एक्सटी४ फॉरमॅट मारा. एक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी (लिनक्सच्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवतंय, सिस्टीमच्या ड्राइव्हला ते ठीक आहे, पण ४ टीबीला पाच टक्के म्हणजे २०० जीबी, चार-पाच लग्नं बसतात तेवढ्यात. ट्यून-टू-एफएस कमांडनं ते शून्य किंवा एक टक्का करून घ्या. मग एमडीएडीएमला डिटेल-स्कॅन करायला लावून जी ओळ येते ती एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलीत टाका आन् अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. हे विसरलं की पुढच्या वेळी एमडी-झिरोच्या जागी एमडी-१२७ असलं काही तरी नाव येतंय आन् माणूस हबकतो की माझी रेड कुठं गेली. एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठले ड्राइव्ह जोडायचे ती यादी) लिहिताना नावाऐवजी यूयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक वापरा, आन् नोफेल हा शब्द विसरू नका, नाहीतर एखाद्या दिवशी रेड वर आली नाही तर उबंटूच काळ्या स्क्रीनवर अडून बसतंय.

फुटेज भरायच्या आधी एक काम करा जे कोणी करत नाही. चार-दोन फालतू फायली टाका, मशीन बंद करा आन् एका हार्डडिस्कची केबल काढून चालू करा. आम्ही केलं तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, नवीन आहे, कशाला छेडता?" म्हटलं, "आत्ताच छेडतो, पुढं लग्नाच्या सीझनमध्ये छेडायला लागू नये म्हणून." रेड जरा वेळ घेऊन उभी राहिली, फायली सगळ्या होत्या, एमडीस्टॅटमध्ये आधी जिथं दोन यू दिसायचे तिथं एक यू आन् एक अंडरस्कोर. परत केबल लावली, एमडीएडीएमनं ती डिस्क परत जोडली, बिटमॅप असल्यामुळं सगळे साडेसात तास लागले नाहीत, मधल्या वेळात जेवढं बदललं तेवढंच लिहून मोकळं. हे एकदा हातानं केलं की खरी डिस्क जाईल त्या दिवशी हात थरथरत नाहीत. उबंटू महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री दोन्ही डिस्क जुळतात का ते तपासतंय, पण आमचं मशीन त्या वेळी बंद असतंय, म्हणून भाचा महिन्यातून एकदा हातानं चेक चालवतो आन् स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) रीअलोकेटेड आन् पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले वा संशयास्पद भाग, शून्य आहेत का बघतो. शून्याच्या वर जाऊन आकडा वाढत चालला की नवीन डिस्कची ऑर्डर.

आमचं रोजचं असं आहे, दिवसा विंडोजवर सामायिक ड्राइव्हवर एडिटिंग, लग्न गिऱ्हाइकाला दिलं की आठवड्यातून एका रात्री उबंटू उघडून आरसिंक या कॉपीच्या कमांडनं ते रेडवर, मग परत एकदा चेकसमसहित (फायलीतला मजकूर ताडून) आरसिंक चालवून सगळं जुळलं की मगच सामायिक ड्राइव्हवरनं काढायचं.

लाईटीबद्दल, कॉम्प्युटरसाठी वेगळा यूपीएस घ्या, ६०० व्हीएचा असला तरी चालतो, नुसतं नीट बंद करण्यापुरता. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवायचा असेल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतंय का बघा, ते नसेल तर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत मशीन रिस्टार्ट होऊ शकतंय. आन् मे महिन्यात बाहेर ४२ असतं तेव्हा कॅबिनेटमधल्या हार्डडिस्क ५० च्या वर जायला लागल्या म्हणून आम्ही पुढं एक पंखा बसवला. पण कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, माणसाला गार वाटतंय तसं त्याला वाटत नाही, तो ओला वारा आहे, वर्षभरात कनेक्टरवर हिरवट गंज चढतोय. जमिनीवर पण नको, काळ्या मातीची धूळ खालूनच आत जाते, विटांच्या दोन थरांवर ठेवलं तरी फरक पडतो.

आन् आता जे सांगतो ते ऐका, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. दोन डिस्क म्हणजे एकाच शिवारातल्या दोन विहिरी, एकीचा मोटर जळाला तर दुसरीवर भागतं, पण पाऊसच नाही झाला तर दोन्ही एकदम कोरड्या. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको, एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावात बोअर काय विहिरी काय सगळ्यांनी एकदम हात वर केले आन् मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. फुटेजचं पण एक मिरज पाहिजे, लांब, वेगळ्या छपराखाली. आमचं औशाला आहे, बहिणीकडं. ४ टीबीची एक बाहेरची डिस्क महिन्यातून एकदा इकडं येते, रेडवरचं नवीन सगळं घेते आन् भाचा घरी जाताना परत घेऊन जातो, बहिणीनं ती कपाटात लग्नाच्या शालूच्या पिशवीत ठेवलीय, वर चिठ्ठी लावून, "मामाची आहे, हात लावू नये."